थंडी डिसेंबरात येते, हे जूनमध्येही ठाऊक असतं

दिवाळीची सुट्टी संपते, शाळा पुन्हा भरते आणि पंधरा दिवसांत मोबाईलवर पहिला मेसेज येतो. 'कडाक्याच्या थंडीत कुडकुडणाऱ्या गरिबांना मायेची ऊब द्या. एक ब्लँकेट, एक दुआ.' खाली क्यूआर कोड आणि त्याच्याखाली तीन-चार पदाधिकाऱ्यांचे हसरे फोटो. दोन दिवसांनी दुसऱ्या संस्थेचा मेसेज येतो. मजकूर तोच, फोटो तेवढे वेगळे. डिसेंबर संपेपर्यंत असे आठ-दहा मेसेज माझ्या फोनमध्ये जमतात. जानेवारीत ब्लँकेट वाटपाचे फोटो येतात आणि संक्रांतीनंतर सगळं थंड होतं. थंडी नव्हे, आपला उत्साह.

आज मला या हंगामी उपक्रमाबद्दल थोडं कडू बोलायचं आहे. माझं म्हणणं काहींना लागेल. पण आधी हे सांगते की या चुकीत मी स्वतः सामील होते.

आमचं गाव नगर-नाशिकच्या सीमेवरचं. निफाडचा पारा खाली उतरल्याची बातमी तुम्ही दर वर्षी पेपरात वाचता, ते निफाड आमच्यापासून फार लांब नाही. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका संस्थेने शाळेकडे गरजू मुलांची यादी मागितली. मोहल्ल्यातली घरं मला माहीत आहेत, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी चोवीस नावं काढली. कोणाचे वडील वारलेले, कोणाची आई दुसऱ्याच्या घरी भांडी घासते, कोणाच्या घरात सात माणसं आणि तीन पांघरुणं. मला वाटलं, मी सवाबाचं काम करते आहे.

वाटप एका हॉलमध्ये झालं. आधी भाषणं, मग सत्कार, मग एकेका मुलाचं नाव माईकवरून पुकारलं गेलं. सहावीतली एक मुलगी स्टेजवर गेली. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून पाच माणसं उभी राहिली. पाचही जणांनी ब्लँकेटला हात लावला, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि फोटो निघाला. रात्री तो मोहल्ल्याच्या ग्रुपवर आला. दुसऱ्या दिवशी वर्गात तिचं नाव पडलं होतं, 'कंबलवाली'.

आठवडाभराने तिची आई शाळेत आली. घडी न मोडलेलं ब्लँकेट माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "आपा, ये आप रख लो. बच्ची ओढती नहीं." रडली नाही, भांडलीही नाही. ठेवलं आणि निघून गेली. त्या मुलीला स्टेजवर बोलावणारे ते होते, पण तिचं नाव कागदावर मी लिहिलं होतं.

तेव्हापासून मी या कामाकडे वेगळ्या नजरेने बघते. मला त्यात चार चुका दिसतात.

पहिली चूक वेळेची. थंडी काही भूकंपासारखी अचानक येत नाही. ती डिसेंबरात येणार हे जूनमध्ये माहीत असतं, मागच्या जूनमध्येही माहीत होतं. तरी वर्गणीची सुरुवात आपण थंडी अंगावर आल्यावर करतो. पैसे जमायला तीन आठवडे, खरेदीला एक, प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळायला आणखी एक. ब्लँकेट हातात पडतं तेव्हा निम्मा हिवाळा उलटलेला असतो. ज्या रात्री बाळाला छातीशी धरून आई जागी बसली होती, ती रात्र केव्हाच गेलेली असते.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "आपा, लोक पैसे रमजानमध्येच देतात." हे खरं आहे आणि हाच आपला दोष आहे. जकात रमजानमध्येच द्यावी असा नियम नाही. निसाबाइतकी मालमत्ता एखाद्याकडे चांद्रवर्षभर राहिली की त्याच्यावर अडीच टक्के जकात लागू होते, मग तो महिना सफर असो की रजब. बहुसंख्य फिकहकारांनी तर ती मुदतीआधी द्यायलाही परवानगी दिली आहे. रमजानमध्ये पुण्य जास्त म्हणून आपण सगळं त्या एका महिन्यात कोंबतो आणि उरलेले अकरा महिने संस्थांची तिजोरी रिकामी ठेवतो.

त्यात एक साधं गणित आपण विसरतो. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो. तो आता उन्हाळ्यातून निघून हिवाळ्यात शिरतो आहे. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, एकदा जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीला. म्हणजे पुढची काही वर्षं रमजानची आणि थंडीची वर्गणी एकाच दारावर, एकाच आठवड्यात येऊन उभी राहणार. तेव्हा मदरशाला द्यायचं, इफ्तारला द्यायचं की ब्लँकेटला, या ओढाताणीत कोण मागे पडेल ते सांगायला ज्योतिषी नको. ज्याचा आवाज सर्वांत लहान, तो मागे पडेल. थंडीसाठी पावसाळ्यातच पैसे बाजूला काढायची सवय आत्ता लावली नाही, तर मग लागणार नाही.

दुसरी चूक वस्तूची. आपण काय वाटतो? वजनाला हलकं, रंगाला भडक, दोन धुण्यांत विरळ होणारं पातळ ब्लँकेट. असा माल बहुतेक पानिपतहून येतो. जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्यांच्या सुतापासून कपडा विणण्याचा मोठा उद्योग तिथे आहे आणि स्वस्त मदतीच्या ब्लँकेटांसाठी पानिपत प्रसिद्ध आहे. पानिपतच्या कारागिरावर माझा राग नाही. राग आपल्या हिशोबावर आहे. 'पाचशे कुटुंबांना वाटप' हा आकडा फ्लेक्सवर छापता यावा म्हणून आपण सर्वांत स्वस्त माल उचलतो. एका घराला तीन हिवाळे पुरेल असं पांघरूण द्यायचं की तीन घरांना एक हिवाळाही न पुरणारं, असा प्रश्न आला की आपण आकडा निवडतो.

आणि हे करताना शेजारी कोण बसलं आहे ते आपल्याला दिसत नाही. महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक बाजारगावात पिंजारी आहेत. कुठे त्यांना नदाफ म्हणतात, कुठे मन्सुरी. कापूस पिंजणं, गाद्या भरणं, रजया शिवणं हा या बिरादरीचा पिढीजात धंदा. माझ्या लहानपणी थंडीच्या तोंडावर पिंजणाचा तुणतुण आवाज गल्लीत आला की आई जुनी दुलई बाहेर काढायची. दबून गेलेला कापूस पिंजला की पुन्हा फुलायचा, नव्या खोळीत भरला जायचा आणि दुलई आणखी काही वर्षं चालायची. आता फोमच्या गाद्या आल्या, पिंजाऱ्याचं काम ओसरलं. म्हणजे आपल्याच समाजातला, थंडीवरच पोट असलेला कारागीर थंडीतच हातावर हात ठेवून बसतो, आणि आपण त्याच्या दुकानावरून टेम्पो नेऊन दुसऱ्या राज्यातली ब्लँकेटं उतरवतो. मग पुढच्या वर्षी गरजूंच्या यादीत त्या पिंजाऱ्याच्या मुलाचं नाव घालतो. याला खिदमत म्हणायचं?

गोधडीचंही तेच. आपल्या घराघरांत बायकांना गोधडी शिवता येते. जुन्या साड्या, जुने दुपट्टे, धावदोरा आणि दुपारचे चार तास, एवढ्यावर गोधडी होते. संस्थेने जून-जुलैत जुने सुती कपडे गोळा केले, धुऊन दिले आणि शिवणाऱ्या बाईला गोधडीमागे रोख मजुरी दिली, तर एका रुपयाची दोन कामं होतात. एका घरात मजुरी जाते आणि दुसऱ्या घरात पांघरूण. मजुरी घेताना मान खाली घालावी लागत नाही. सोलापूरची चादर आहे, मालेगाव-इचलकरंजीचे माग आहेत. कापडासाठी महाराष्ट्राला कुणापुढे हात पसरायची गरज नाही.

शिवाय थंडीत गरिबाला पांघरूणच हवं असतं हे कोणी ठरवलं? मी चार घरी विचारलं, तेव्हा चार वेगळी उत्तरं मिळाली. एकीला पत्र्याच्या फटीला लावायला ताडपत्री हवी होती. एकीला खाली अंथरायला सतरंजी हवी होती, कारण थंडी वरून येते त्यापेक्षा फरशीतून जास्त येते. एका आजीला दम्याचं औषध हवं होतं. चौथी म्हणाली, मुलाला शाळेत जायला स्वेटर नाही म्हणून सकाळची शाळा बुडते. ब्लँकेट चौघींकडेही होतं. मागच्या वर्षी वाटलेलं, विरलेलं.

तिसरी चूक फोटोची. ही मला सर्वांत मोठी वाटते. दान देऊन उपकार बोलून दाखवणं आणि घेणाऱ्याला दुखावणं यामुळे दान वाया जातं, हे कुरआनने सूरह बकरात स्वच्छ सांगितलं आहे. त्याच सूरहमध्ये अशा गरजूंचा उल्लेख आहे, जे कुणाच्या मागे लागून मागत नाहीत, आणि त्यांच्या स्वाभिमानामुळे अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्या मुलांना पहिलीपासून पाठ असते. हजरत उमर (र.) रात्री पिठाचं पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन भुकेल्या मुलांच्या आईकडे गेले, हे आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकतो. त्या कथेत एक गोष्ट लक्षात घ्या. देणारा खलिफा आहे हे त्या बाईला माहीतच नव्हतं. आज मोहल्ल्याच्या कमिटीचा सहचिटणीसही ओळखला गेल्याशिवाय ब्लँकेट सोडत नाही.

यावर एक युक्तिवाद होतो. कुरआनने उघड दान देण्यालाही चांगलंच म्हटलं आहे, त्याने इतरांना प्रेरणा मिळते. बरोबर आहे. उघड देणं चांगलं आणि लपवून गरिबाला देणं त्याहून चांगलं, असा त्या आयतीचा आशय आहे. पण उघड काय करायचं? स्वतःचं देणं. गरिबाचा चेहरा नव्हे. तुम्ही किती दिले, ते खुशाल जाहीर करा. तो चेहरा तुमचा नाही, तो उघडा करायचा हक्क तुम्हाला कोणी दिला? आणि ते मूल अकरा वर्षांचं असेल, तर त्याला कोणी विचारलं तरी होतं का?

दुसरा युक्तिवाद व्यवहाराचा आहे. "फोटो नसेल तर देणगीदार विचारतात, पैसे गेले कुठे?" विचारायलाच हवं. पण फोटोने हे सिद्ध होतं का? एका ब्लँकेटला हात लावलेल्या पाच माणसांच्या फोटोतून एवढंच सिद्ध होतं की त्या दिवशी पाच माणसं आणि एक ब्लँकेट हजर होतं. पैशांचा पुरावा वेगळा असतो. खरेदीचं बिल, गठ्ठ्यांचा फोटो, मजुरीच्या पावत्या, बँकेचं पासबुक आणि मशिदीच्या किंवा संस्थेच्या फलकावर लावलेला जमाखर्च. हे ज्याच्याकडे आहे त्याला गरिबाच्या चेहऱ्याची गरज पडत नाही.

चौथी चूक याच हिशोबाची. हिवाळ्यात वर्गणी मागणाऱ्या किती गटांची नोंदणी असते? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चा आहे. नोंदणी नसलेल्या गणेशोत्सव मंडळांनाही वर्गणीसाठी त्यातल्या ४१ क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी घ्यावी लागते. आपण मात्र कुणाच्या तरी खासगी खात्याचा क्यूआर कोड फिरवतो आणि कोणी हिशोब मागितला की 'नियतीवर शंका घेता?' म्हणून तोंड बंद करतो. नियत अल्लाह बघेल. बिल आम्हाला बघू द्या.

आणि जकातीचा पैसा तर फार जपून वापरायचा असतो. तो कोणाला द्यायचा, त्याचे आठ वर्ग सूरह तौबामध्ये ठरवून दिले आहेत. त्यात हॉलचं भाडं, हार-तुरे, स्मृतिचिन्हं आणि फ्लेक्स बसत नाहीत. म्हणून जकातीचा डबा वेगळा आणि लिल्लाहचा डबा वेगळा हवा. याचा आणखी एक फायदा आहे. जकात मुस्लिम गरजूंसाठी, असं बहुतेक उलेमा सांगतात. पण नफील सदका आणि लिल्लाहचा पैसा कोणत्याही गरजूला देता येतो. आमच्या भागात कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीडकडची ऊसतोड कुटुंबं येतात. उघड्या रानात कोप्या टाकतात, पहाटे चार वाजता दहिवरात ऊस तोडायला निघतात आणि लहान पोरं कोपीत झोपलेली असतात. त्या कोप्यांत थंडी कुणाची जात-धर्म विचारून शिरत नाही. आपल्या लिल्लाहच्या डब्यातून तिथे चार सतरंज्या आणि पोरांना स्वेटर गेले, तर तो आपल्या दीनचाच भाग आहे. तिथे बॅनर घेऊन सद्भावना दाखवायला मात्र जाऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, आपा, टीका सोपी आहे, पैसा कुठून आणायचा ते सांगा. सांगते. यातलं बरंच आम्ही करून पाहिलं आहे.

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा दर घरी एक गल्ला द्यायचा. महिन्याला वीस-तीस रुपये जमले तरी पुरे. मूठ-मूठ धान्य गोळा करून मुलांची वसतिगृहं चालवण्याची रीत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या महाराष्ट्राला नवी नाही. जुलैत मागच्या वर्षीच्या वह्या आणि वर्तमानपत्रांची रद्दी मोहल्लाभर गोळा करायची. स्नेहसंमेलनाआधी शाळेत बाल आनंद मेळावा होतो, तो दिवाळीच्या आधी घ्यायचा. मुलं भेळ, शीरखुर्मा, कबाब विकतात. नफा-तोटा मुलांनीच मांडायचा, गणिताचे सर तो तपासतील आणि नफा या कामाला जाईल. आणि सर्वांत मोठी गोष्ट लग्नांची. आपल्याकडे लग्नं हिवाळ्यातच उडतात. वलीम्यात दोन गोड पदार्थ असतात, तिथे एक ठेवा. त्या एका पदार्थाच्या पैशांत किती रजया होतात, याचा हिशोब एकदा केटररला विचारून बघा. नंतर रात्री झोप लागायची नाही.

आता वाटपाचं. आम्ही पाच-सहा शिक्षिका आणि काही पालक मिळून एक साधी पद्धत वापरतो. सप्टेंबरमध्ये पिंजाऱ्याला आगाऊ पैसे देतो. ज्या घराला गरज आहे त्या घरच्या बाईला एक चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त नंबर. ती बाई दुकानात गिऱ्हाईक म्हणून जाते, खोळीचा रंग स्वतः निवडते, कापूस दाबून बघते, हवं तर घासाघीसही करते आणि रजई घेऊन घरी येते. दुकानात आणखी चार बायका पैसे देऊन रजई घेत असतात. कोण चिठ्ठीवर आलं आणि कोण नोटा घेऊन, ते फक्त पिंजाऱ्याला माहीत. कार्यक्रम नाही, पाहुणे नाहीत, माईक नाही.

हे काम लहान आहे, हे मान्य. मागच्या हिवाळ्यात आमच्या चाळीस चिठ्ठ्या निघाल्या आणि गरज त्याहून जास्त घरांची होती. एका बाईने चिठ्ठीवर मिळालेली रजई विकली, असंही कळलं. आमच्यातल्याच एकीने लगेच सुनावलं, "बघा, म्हणून फोटो काढावा लागतो." मी तिच्याशी भांडले. चौकशी केल्यावर कळलं की त्या घरात नवऱ्याचं ऑपरेशन निघालं होतं. दिलेली वस्तू एकदा दिली की तिची झाली. तिला थंडीपेक्षा औषध महत्त्वाचं वाटलं असेल, तर तो निर्णय घ्यायला ती आपल्यापेक्षा लायक आहे. चूक आमची होती. तिला काय हवं ते आम्ही विचारलंच नव्हतं.

ती सहावीतली मुलगी पुढे दहावी झाली. त्या ब्लँकेटबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. तिच्या आईने परत केलेलं ते ब्लँकेट अजून शाळेच्या कपाटात आहे. मला ते कुणाला देववलं नाही. दर वर्षी यादी करायला बसते तेव्हा कपाट उघडावं लागतं, कारण कागदही तिथेच असतात.

तुमच्या गावात या वर्षीही संस्था यादी मागायला येतील. तुम्ही शिक्षक असाल, मुतवल्ली असाल किंवा मोहल्ल्यात चार घरं ओळखणारे साधे गृहस्थ असाल, नावं देण्याआधी त्यांना तीन प्रश्न विचारा. वस्तू कुठून घेणार? हिशोब कुठे लावणार? फोटो काढणार का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर कागदावर एकही नाव लिहू नका.